अंगठा बाळाचा, चोखणी आईची

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात चार-पाच वर्षांचं मूल आलं, की अनुभवी डॉक्टर आधी तोंड उघडायला सांगत नाहीत. हात पुढे करायला सांगतात. दहा बोटांत एक बोट लगेच वेगळं दिसतं. बाकीच्या नखांत माती असते, स्केचपेनचा रंग असतो, दुपारच्या वरणाची हळद असते. एक अंगठा मात्र घासून पालथ्या घातलेल्या वाटीसारखा लख्ख. नख आखूड, कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली, पेरावर एक छोटासा घट्टा. कधी नखाच्या कडेला नखुरडंही झालेलं असतं. तोंडात काय चाललंय हे मूल न बोलता त्या अंगठ्यावर वाचता येतं.

मग दाढा मिटायला सांगतात. दाढा मिटतात, पण पुढचे दात मिटत नाहीत. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये अंगठ्याला बरोबर बसेल एवढी फट राहते आणि तिच्यातून जिभेचं टोक डोकावतं. अशा मुलाला काकडीची चकती द्यावी, तर ते ती समोरच्या दातांनी तोडत नाही. गालात सरकवून दाढेखाली घेतं. शेवया खाताना तर त्यांची दोरीच होते. तोवर आईचं सुरू झालेलं असतं : डॉक्टर, सगळं करून झालं. कडुनिंब लावून झाला, सासूबाईंनी काळा बोळ लावला, तो चाटून संपवला आणि पुन्हा अंगठा तोंडात. शाळेतल्या मुली हसतात असंही सांगितलं. झोपेत तर जातोच.

हे सगळं मुलासमोरच सांगितलं जातं. ते ऐकता ऐकता मुलाचा हात हळूहळू वर जातो आणि अंगठा आपल्या जागी बसतो.

ही सवय बाळाला कोणी लावली, याचं उत्तर घराघरांत वेगवेगळं असतं. आईनं लवकर अंगावरचं तोडलं, पाळणाघरातून आणली, आत्याच्या मुलीचं बघून शिकली. खरं म्हणजे बाळ ती जन्माला येतानाच घेऊन येतं. गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच हात तोंडाशी नेऊ लागतो आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर अंगठा चोखणारं बाळ दिसणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पीटर हेपर यांनी या दृश्याचा नीट अभ्यास केला. पोटात असताना कोणत्या हाताचा अंगठा चोखला याची नोंद असलेली ७५ मुलं त्यांनी १० ते १२ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी ६० मुलं होती. ती सगळीच्या सगळी उजखोरी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी झाली. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्याला आपण वाईट खोड म्हणतो, तिच्यात मूल पुढे कोणत्या हातानं लिहिणार याची चाहूल लागलेली असते.

चोखणं दोन प्रकारचं असतं आणि बाळंतिणीला ते कोणी न शिकवता कळतं. दूध पिताना बाळ सेकंदाला साधारण एकदा ओढतं, कारण ओढायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा हा मेळ बसवावा लागतो. पोट भरलं की लय बदलते. सेकंदाला दोनदा, हलकं हलकं, थोडं चोखून थांबायचं, पुन्हा थोडं. दूध येत नसतं आणि बाळाला ते नकोही असतं. हे दुसरं चोखणं शांत होण्यासाठी आहे. त्यानं रडं थांबतं, झोप लागते, सुई टोचल्याचं दुखणं कमी होतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि नळीनं दूध घेणाऱ्या बाळांना रुग्णालयात मुद्दाम असं कोरडं चोखायला देतात. ती तोंडानं प्यायला लवकर शिकतात आणि घरी लवकर जातात.

आपल्या पुराणांना ही गोष्ट माहीत होती. महाभारताच्या वनपर्वात युवनाश्व राजाच्या कुशीतून मूल जन्माला येतं. आईच नाही, मग पाजणार कोण, असा प्रश्न देवांना पडतो. इंद्र आपली तर्जनी बाळाच्या तोंडात देतो आणि म्हणतो, हा मला चोखेल. त्या संस्कृत शब्दांवरून मुलाचं नाव पडलं मांधाता. ओंकारेश्वरच्या नर्मदेतल्या बेटाला त्याचंच नाव आहे. प्रलयाच्या पाण्यावर वडाच्या पानात पहुडलेला बाळमुकुंद तर स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालतो आणि तंजावरच्या चित्रकारांनी तो सोन्याच्या वर्खात मढवला. त्याचे दात पुढे येतील, असं कोणाही भक्ताच्या मनात आलं नाही.

मनात आलं ते युरोपात, आणि आलं तेव्हा जोरात आलं.

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइन्रिश हॉफमन यांना १८४४ च्या नाताळात आपल्या छोट्या मुलासाठी मनासारखं पुस्तक मिळालं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच एक वही रंगवली. पुढच्या वर्षी ती छापली गेली आणि नंतर ‘श्ट्रुव्हेलपेटर’ या नावानं जगभर गेली. त्यात कोनराड नावाचा मुलगा आहे. आई बाहेर जाताना बजावते, अंगठा चोखू नकोस, शिंपी येऊन कापून नेईल. आई वळते, अंगठा तोंडात जातो, दार उघडतं आणि भल्यामोठ्या कात्रीनं शिंपी दोन्ही अंगठे उडवतो. शेवटच्या चित्रात कोनराड अंगठे नसलेले हात लोंबकळत ठेवून उभा आहे. आपल्याकडे अंगठा कापून मागितल्याची गोष्ट आहे ती एकलव्याची आणि तिथे निदान वाचणाऱ्याला वाईट वाटावं अशी अपेक्षा आहे. हॉफमनच्या गोष्टीत मुलानं हसावं अशी अपेक्षा होती. पिढ्यान् पिढ्या जर्मन मुलं ती ऐकून पांघरुणात हात लपवत झोपली.

त्यानंतर शास्त्र मदतीला आलं, पण त्यानं भीती कमी केली नाही. लिंडनर नावाच्या हंगेरियन बालरोगतज्ज्ञांनी १८७९ साली मुलांच्या चोखण्याचं तपशीलवार वर्णन केलं. फ्रॉइडनं १९०५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत त्याचाच आधार घेतला आणि चोखण्याचा आनंद लैंगिकतेच्या मुळाशी नेऊन बांधला. बिचाऱ्या अंगठ्याला आता भलताच अर्थ चिकटला. अमेरिकेच्या सरकारी बालक विभागानं १९१४ साली आईबापांसाठी बालसंगोपनाची पुस्तिका काढली. तिच्यातला सल्ला असा, की झबल्याची बाही त्या बोटांवरून ओढून घ्यावी आणि काही दिवस, काही रात्री तशीच टाचून किंवा शिवून ठेवावी. शिंप्याची कात्री गेली, सुई राहिली. १९४० च्या दशकात याच पुस्तिकेनं सूर पालटला : बाळ हात तोंडात घालतं ते जग चाखून बघायला, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तीसेक वर्षांत बाळ बदललं नव्हतं, फक्त पुस्तिका बदलली होती.

चोखणीची गोष्ट वेगळी. अंगठा बाळानं आणलेला असतो. चोखणी मोठी माणसं आणतात, मोठ्यांच्या सोयीसाठी. युरोपात ती आधी कापडाची होती. चिंधीत साखर किंवा ब्रेड बांधून पुरचुंडी करायची आणि बाळाच्या तोंडात द्यायची. आल्ब्रेश्ट ड्युररनं १५०६ साली रंगवलेल्या एका चित्रात बाळ येशूच्या हातात तशी पुरचुंडी आहे. रबराची आजच्यासारखी चोखणी, म्हणजे बोंड, त्यामागे चकती आणि धरायला कडी, हिचा आराखडा न्यूयॉर्कचे औषधविक्रेते क्रिस्टियन माइनेके यांनी १९०० साली नोंदवला. सवा शतकात रबराच्या जागी सिलिकॉन आलं, एवढाच काय तो फरक.

मुलाला गप्प करायची गरज आपल्याकडेही होती आणि तिचं उत्तर कधी कधी फार भयंकर होतं. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात दहा-दहा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन चाळीच्या खोलीत निजवून जात. १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशांमध्ये याच्या नोंदी आहेत. त्या आईला दोष देणं सोपं आहे. तिला पाळणाघर नव्हतं आणि मूल रडलं तर बघायला शेजारीणही कामावरच गेलेली असे. त्या गोळीशी तुलना केली, तर रबराचं बोंड किती निरुपद्रवी!

अगदी निरुपद्रवीही नाही. आपल्याकडे चोखणी मधात बुडवून द्यायची चाल आहे. ‘मधाचं बोट लावणं’ हा वाक्प्रचार भाषेत आला तो काही उगाच नाही. जन्मल्या जन्मल्या बाळाला मध चाटवण्याचा संस्कार जुना आहे. पण मधात एका जिवाणूचे सुप्त बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, मान टाकतं, चोखायची ताकद जाते. तान्ह्या बाळांमधला हा आजार १९७६ साली अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला. पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नाही, हे डॉक्टर आज निक्षून सांगतात. दुसरी सवय काळ्या दोऱ्याची. दृष्टीचा दोरा गळ्यात असतोच, मग त्यालाच चोखणी अडकवली जाते, म्हणजे पडायला नको. झोपेत तो दोरा पाळण्याच्या कठड्यात अडकला तर गळफास बसतो. चोखणीची चकती बाळाच्या तोंडात जाणार नाही इतकी मोठी हवी, तिला हवेची भोकं हवीत आणि ती गळ्यात कधीच नको, इतकं पाळलं तरी मोठे अपघात टळतात.

डॉक्टरांचं चोखणीबद्दलचं मत विचारलं, तर ते कोणत्या डॉक्टरांना विचारलं यावर अवलंबून. स्तनपानासाठी झटणारे म्हणतात, नको. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या घालून दिल्या, त्यातली नववी सांगत होती की अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नका. कारण साधं आहे. पहिल्या आठवड्यांत बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. ती ओढ चोखणीवर खर्च झाली, तर आईला वाटतं दूधच कमी आहे, आणि मग वरचं दूध सुरू होतं. २०१८ साली ही पायरी मवाळ झाली : बंदी नको, आईला चोखणीचे धोके नीट समजावून सांगा.

मधल्या काळात दुसरीकडून वेगळीच बातमी आली होती. पाळण्यात झोपलेलं धडधाकट बाळ सकाळी मृत सापडावं आणि कारण सापडू नये, अशा मृत्यूंचा अभ्यास करताना दिसलं, की झोपताना चोखणी घेणाऱ्या बाळांत ते कमी आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००५ पासून सल्ला दिला, की स्तनपान नीट बसल्यावर झोपेच्या वेळी चोखणी द्यायला हरकत नाही, उलट द्यावी. असं का होतं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. मग कानाचे डॉक्टर म्हणाले, थांबा. फिनलंडमधल्या औलूच्या संशोधकांनी काही दवाखान्यांत पालकांना सांगितलं, की सहा महिन्यांनंतर चोखणी फक्त झोप लागेपर्यंतच द्या. त्या मुलांत कानाचा संसर्ग २९ टक्क्यांनी कमी झाला. हे सगळं एकत्र वाचलं, तर चित्र तितकं गोंधळाचं नाही. सुरुवातीचा महिना आईच्या दुधाचा, त्यानंतर चोखणी झोपेपुरती, आणि वर्ष उलटलं की हळूहळू निरोप. एवढं वेळापत्रक पाळणारे आईबाप किती असतात, हा भाग वेगळा. ट्रेनच्या डब्यात मूल भोकाड पसरतं तेव्हा फिनलंड आठवत नाही.

दातांकडे परत येऊ. दुधाचे वीस दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात आणि त्यांच्या मुळांभोवतीचं हाड तेव्हा मऊ असतं. दात जोरानं ढकलला म्हणून हलत नाही. थोड्या जोरानं, पण तासन् तास ढकलला, तर हलतो. तारा लावणारे डॉक्टर याच नियमावर पोट भरतात. अंगठ्याचं काम म्हणजे फुकटात बसवलेली उलटी तार. तो वरचे दात पुढे लोटतो, खालचे आत दाबतो. चोखताना गाल आत ओढले जातात आणि वरचा जबडा दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, त्यानं टाळू अरुंद आणि खोल होतो. म्हणून डॉक्टर विचारतात ते ‘चोखते का’ असं नसतं. किती वेळ, किती जोरात, किती वर्षं, असं असतं. झोप लागताना दहा मिनिटं अंगठा तोंडात नुसता टेकवणारं मूल आणि रात्रभर मचमच आवाज करत ओढणारं मूल, यांच्या दातांचं भविष्य एक नाही.

बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. तोपर्यंत समोरची फट पडली असेल, तर ती बऱ्याचदा आपोआप भरते. टाळू अरुंद होऊन दाढा तिरक्या बसल्या असतील, तर मात्र ते सहसा आपोआप सरळ होत नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास पक्के दात यायला लागतात आणि तेव्हाही अंगठा तोंडात असेल, तर काळजी करायची. म्हणून दातांचे डॉक्टर तिसऱ्या वाढदिवसापासून सवय मागे पडावी अशी धडपड करतात. चोखणीवाल्या मुलांचं पुष्कळदा आधी सुटतं, कारण ती हरवता येते, कचऱ्यात टाकता येते, कावळ्यानं नेली असं सांगता येतं. अंगठा कावळा नेत नाही.

अंगठेबहाद्दरांच्या बाजूनं एक छोटीशी साक्षही आहे. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. तेराव्या वर्षी त्यांच्या त्वचेवर अ‍ॅलर्जीच्या चाचण्या घेतल्या. अंगठा चोखणं किंवा नखं कुरतडणं यांपैकी काहीच न करणाऱ्यांत ४९ टक्के जणांना कशाची ना कशाची अ‍ॅलर्जी निघाली. दोन्ही करणाऱ्यांत ३१ टक्के. लहानपणी तोंडात गेलेल्या मळाशी याचा संबंध असावा असा तर्क आहे. दमा आणि अ‍ॅलर्जीच्या सर्दीच्या त्रासात मात्र फरक दिसला नाही, म्हणून यावरून कोणी मुलाला अंगठा चोखायला बसवू नये. पण ‘घाण तोंडात जाते’ या आजीच्या मुद्द्याला थोडासा धक्का बसतो खरा.

मग सोडवायचं कसं? दवाखान्यात हुशार डॉक्टर आईशी बोलत नाहीत, मुलाशी बोलतात. आरसा हातात देऊन फट दाखवतात, काकडी देऊन पाहतात आणि विचारतात, तुला सोडायचा आहे का? मूल ‘नाही’ म्हणालं, तर त्या दिवशी विषय तिथेच थांबतो. ‘हो’ म्हणालं, तर अंगठा कधी जातो याचा शोध दोघं मिळून घेतात. टीव्हीसमोर, शाळेच्या बसमध्ये, दुपट्याचा मऊ कोपरा नाकाशी धरल्यावर. दुपटं आणि अंगठा ही जोडी अनेक मुलांत इतकी घट्ट असते, की एक हलवलं की दुसरं आपोआप हलतं. दिवसा हाताला काहीतरी काम, रात्री अंगठ्याला सुती मोजा, कॅलेंडरवर कोरड्या दिवसाचा तारा. कडू लावायचंच तर मुलाला विचारून, विसरल्यावर आठवण म्हणून. नकळत लावलेला काळा बोळ शिक्षा होतो आणि शिक्षा झालेलं मूल जीव रमवायला कशाकडे वळणार? पुन्हा अंगठ्याकडेच.

हे करूनही सहाव्या-सातव्या वर्षी सुटलं नाही, तर तोंडात बसवायची साधनं आहेत. एक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूशी लावलेली तारेची जाळी, तिच्यामुळे अंगठा टेकत नाही. दुसरं अधिक खेळकर. अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी १९९१ साली सुचवलेल्या या साधनात टाळूशी एक सहा कोनांचा मणी फिरता बसवलेला असतो आणि मुलाला सांगतात, की अंगठ्याची आठवण आली की जिभेनं हा मणी फिरव. सवय मोडायची नाही, तिला नवं खेळणं द्यायचं.

चोखणी सोडायला डेन्मार्कमध्ये एक सुंदर चाल आहे. कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत एका झाडाला शेकडो चोखण्या रिबिनींनी टांगलेल्या असतात. मूल आईबापांबरोबर येतं, आपली चोखणी आपल्या हातानं बांधतं, सोबत कधी एक चिठ्ठी असते, झाडाला ‘सांभाळ’ म्हणून सांगणारी. नवसाचे पाळणे बांधलेलं एखादं झाड आपल्याकडे पाहिलेलं असेल, तर ते दृश्य डोळ्यांपुढे यायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच, की आपण झाडाकडे मूल मागतो आणि ती मुलं झाडाला आपलं तान्हेपण देऊन येतात.

अंगठेवाल्यांना टांगायला काही नसतं. त्यांचा निरोप समारंभ होत नाही. तो रात्री अंधारात, मोजा आणि दुपटं यांच्यामध्ये कधीतरी होऊन जातो आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. तीन-चार महिन्यांनी तपासणीला आलेल्या मुलाला डॉक्टर पुन्हा हात पुढे करायला सांगतात. दहाही बोटं सारखीच मळलेली असतात. फट अजून पुरती मिटलेली नसते, काकडी अजून थोडी कडेनंच तुटते. आई मात्र पर्समध्ये काहीतरी शोधता शोधता सहज सांगते, की काल रविवारी नखं काढायला बसलो, तर त्या अंगठ्याचं नखही कापावं लागलं, पहिल्यांदाच.